जेरुसलेमचा पोथीवाला

आमच्या घरात खऱ्याखोट्याचा निवाडा करण्याचे काम जवळजवळ पिढीजात आहे. माझे वडील शिंदे सरकारांच्या पदरी गवई होते. दरबार मिटला तेव्हा ते ऐन विशीत होते, आणि मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातूनच. पण दरबार गेला तरी लष्करातल्या आमच्या घरचा राबता सुटला नाही. कोणी ना कोणी संध्याकाळी येऊन बसे आणि एखादी जुनी, खानदानी चीज हाती लागल्याचे सांगे. अंतऱ्यात सदारंगाचे नाव असले म्हणजे आणणाऱ्याची छाती फुगलेली असे. वडिलांची रीत ठरलेली होती. चीज कोणाकडून आली हे ते आधी विचारीत नसत. आधी ती म्हणायला लावीत. रागाची चाल, शब्दांची ठेवण, समेवर येण्याची तऱ्हा हे सारे ऐकून झाले, की मगच सांगणाऱ्याचे नाव-गाव निघे. सदारंगाचे नाव कोणालाही घालता येते, असे त्यांचे मत होते.

हे आज आठवण्याचे कारण एक परदेशी माणूस आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईस वडिलांच्या एका बेने इस्रायली स्नेह्यांकडे उतरलो होतो. कोकणातून आलेली, घरात मराठी बोलणारी ही मंडळी. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून यांना पूर्वी शनवार तेली म्हणत, हे आपल्यापैकी जुन्या माणसांस ठाऊक असेल. ते मला त्यांच्या सिनेगॉगमध्ये घेऊन गेले आणि तिथली तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, त्यांनी मला दाखवली. कातड्याची लांबलचक गुंडाळी, तिच्यावर हाताने लिहिलेले शेजारी शेजारी रकाने, आणि रकान्यांच्या खाली चांगली चार बोटे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवून त्यांनी मला सांगितले, की एवढ्याशा पट्टीवरून एका माणसाचा जीव गेला. त्या माणसाचे नाव मोझेस विल्हेल्म शपिरा. परत आल्यावर त्याच्याविषयी मिळेल ते वाचीत गेलो. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

शपिराचा जन्म १८३० साली कामेनेत्स-पोदोल्स्क या गावी, एका पोलिश ज्यू कुटुंबात झाला. हा मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. बाप आधीच तुर्की अमलातल्या पॅलेस्टाइनमध्ये जाऊन राहिला होता. १८५६ साली, वयाच्या पंचविशीत, शपिरा आजोबांना घेऊन जेरुसलेमला निघाला. आजोबा वाटेतच वारले. मुक्काम बुखारेस्टला पडला असता या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, प्रशियाच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि आपल्या नावात विल्हेल्म हे जर्मन नाव घातले. म्हणजे घर सोडले ते एका माणसाने आणि जेरुसलेमला पोचला तो दुसराच. पुढे आयुष्यभर ज्यूंच्या लेखी तो बाटगा राहिला आणि ख्रिस्त्यांच्या लेखी ज्यू. पुढे जे घडले त्याला ही गोष्टही थोडीफार कारण झाली.

जेरुसलेममध्ये तो इंग्रज मिशनच्या मंडळींत मिसळला. आजारपणात शुश्रूषा करणाऱ्या रोझेट नावाच्या एका जर्मन परिचारिकेशी त्याने लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या. त्याने शहराच्या ख्रिस्ती वस्तीतल्या रस्त्यावर दुकान घातले. तिथे यात्रेकरूंसाठी लाकडाच्या कोरीव वस्तू, वाळवलेल्या फुलांच्या वह्या, असा माल पुढे मांडलेला असे. मागच्या खोलीत मात्र जुन्या पोथ्या, नाणी, मातीची भांडी असत. पाश्चात्य देशांतून येणाऱ्या श्रीमंत यात्रेकरूंची तेव्हा तिथे रीघ लागलेली होती. बायबलात ज्या गावांची नावे लहानपणापासून वाचली, त्या गावांतली एखादी वस्तू घरी न्यावी असे प्रत्येकास वाटे. मागणी उदंड आणि माल थोडा. असे झाले म्हणजे बाजारात काय होते हे सांगावयास नको.

अशात १८६८ साली एक मोठी गोष्ट घडली. मृत समुद्राच्या पूर्वेस, प्राचीन मवाब देशातल्या दिबान गावी, क्लाइन नावाच्या मिशनऱ्याला काळ्या दगडाची एक शिला दिसली. तिच्यावर चौतीस ओळींचा लेख होता. मवाबचा राजा मेशा याने तो इसवी सनापूर्वी नवव्या शतकात कोरविलेला. इस्राएलच्या राजांशी झालेल्या झगड्याचे वर्णन त्यात होते. हाच मेशा बायबलातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात येतो. बायबलातल्या एका राजाने आपल्या तोंडाने, आपल्या बाजूने सांगितलेली हकीकत जगापुढे आली. जर्मन, फ्रेंच आणि इंग्रज अशा तिघांचीही त्या दगडावर नजर गेली. ओढाताण सुरू होताच तिथल्या बदाउनी टोळीने शिला विस्तवात तापवली, तिच्यावर गार पाणी ओतले आणि तुकडे केले. सुदैवाने त्याआधी ओल्या कागदावर लेखाचा ठसा घेण्यात आला होता. तो घ्यायला माणूस धाडणारा होता फ्रेंच वकिलातीतला एक तरुण दुभाष्या, चार्ल्स क्लेर्मों-गानो. तुकडे जमवून त्या ठशाच्या आधाराने शिला पुन्हा जोडण्यात आली; आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

हे गानो म्हणजे या हकीकतीतले दुसरे मुख्य पात्र. त्यांचा जन्म १८४६ चा, म्हणजे शपिरापेक्षा ते सोळा वर्षांनी लहान. बुद्धी तल्लख, नजर बारीक आणि भीडमुर्वत शून्य. मेशाच्या शिलेवरच्या काही ओळी आधी नकलून आणण्यासाठी त्यांनी सलीम अल-कारी नावाच्या एका स्थानिक ख्रिस्ती चित्रकारास पाठविले होते. सलीमने त्या ओळी नकलल्या आणि मवाबी अक्षरे कशी असतात हे त्याच्या हाताला ठाऊक झाले.

पुढे १८७२ पासून हाच सलीम शपिराच्या दुकानी मवाबी वस्तू आणून देऊ लागला. मातीच्या मूर्ती, मुखवटे, कलश, आणि त्यांवर मवाबी अक्षरांत लेख. वस्तू शेकड्यांनी येऊ लागल्या. शपिराने जर्मन मंडळींस बरोबर घेऊन मवाबात मोहीम काढली, तेव्हा तिथेही जमिनीतून तसल्याच वस्तू निघाल्या. जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचे प्राध्यापक श्लोटमन यांनी त्या खऱ्या मानल्या, आणि १८७३ साली बर्लिनच्या संग्रहालयासाठी सुमारे सतराशे वस्तू बावीस हजार थालर देऊन घेण्यात आल्या. शपिराच्या घरी लक्ष्मी आली. शहराच्या तटाबाहेर बाग असलेल्या एका ऐसपैस वाड्यात त्याने बिऱ्हाड थाटले. आज तो वाडा टिको हाउस म्हणून इस्राएल म्युझियमच्या ताब्यात आहे.

गानो यांनी त्या वस्तू पाहिल्या आणि त्यांना शंका आली. अक्षरे मेशाच्या शिलेवरच्या अक्षरांसारखी होती, पण लेख जुळवून वाचू जावे तर त्यांतून अर्थच निघत नव्हता. सारेगम घोकलेल्या पोराने सूर बरोबर लावावेत आणि राग मात्र उभा राहू नये, तसलाच हा प्रकार. ते जेरुसलेमच्या कुंभारआळीत गेले, चौकशी केली, आणि सलीमसाठी माल भाजून देणारे हात त्यांनी शोधून काढले. १८७४ च्या जानेवारीत लंडनच्या अथीनियम साप्ताहिकात त्यांनी सारा प्रकार प्रसिद्ध केला. जर्मनीत दोन वर्षे वाद चालला. शेवटी १८७६ साली काउट्श आणि सोत्सिन या जर्मन विद्वानांनीच पुस्तक लिहून त्या वस्तू बनावट असल्याचे मान्य केले. बर्लिनची नाचक्की झाली.

शपिराला हे ठाऊक होते की नव्हते? सलीमने आपल्याला फसवले असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. जमिनीत आधी पुरून ठेवलेल्या वस्तू आपल्याच हातांनी उकरताना त्याला खरोखर काही कळले नसेल, हे अशक्य नाही. डोळ्यांवर लोभाचा पडदा आला म्हणजे समोरचेही दिसत नाही. पण सतराशे वस्तू विकून पैसा त्याने घेतला, हेही खरे. त्या दिवसापासून त्याच्या नावामागे एक डाग लागला.

एवढ्यावर तो खचला मात्र नाही, आणि हा भाग त्याच्या निंदकांनी नेहमी थोडक्यात उरकला आहे. त्याने पोथ्यांच्या व्यापाराकडे लक्ष वळवले. १८७९ साली तो थेट येमेनमध्ये गेला, तिथल्या ज्यू वस्त्यांतून हिंडला आणि जुनी हिब्रू हस्तलिखिते घेऊन आला. कराई नावाच्या ज्यू पंथाची हस्तलिखितेही त्याने मिळवली. यांतली पुष्कळशी ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. ती अस्सल आहेत, मोलाची आहेत, आणि त्या संग्रहातली ती हस्तलिखिते आजही अभ्यासक वाचतात. आपल्या कागदांवर तो ब्रिटिश म्युझियमचा वार्ताहर असे मिरवी. म्हणजे एकाच दुकानातून, एकाच माणसाच्या हातून, सतराशे खोट्या मूर्ती आणि शेकडो खऱ्या पोथ्या बाहेर पडल्या.

आता मुख्य हकीकतीकडे येतो. शपिराच्या सांगण्याप्रमाणे १८७८ साली एका शेखाच्या घरी बसला असता त्याला कळले, की काही बदाउनी लोकांना मृत समुद्राच्या पूर्वेकडे, अर्णोन नदीच्या खोऱ्यात, उंच कड्यातल्या गुहेत कापडात गुंडाळलेली जुनी कातडी सापडली आहेत. दलालामार्फत थोडी थोडी करून ती त्याने मिळवली. काळ्या पडलेल्या कातड्याच्या त्या पंधरा अरुंद पट्ट्या होत्या. त्यांवर मेशाच्या शिलेसारख्या प्राचीन हिब्रू लिपीत मजकूर होता, आणि तो मजकूर म्हणजे मराठी बायबलात ज्याला अनुवाद म्हणतात त्या, मोशेच्या पाचव्या ग्रंथाचे एक निराळेच रूप होते. प्रचलित ग्रंथातला कायद्यांचा मोठा भाग त्यात नव्हता. दहा आज्ञा होत्या, पण त्यांची मांडणी वेगळी होती, आणि भावाचा मनातही द्वेष करू नये अशी एक आज्ञा जास्तीची होती.

हे खरे ठरले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. बायबलाची तोवर सापडलेली हिब्रू हस्तलिखिते फार तर हजारएक वर्षांची होती. मोशेचे ग्रंथ एकट्या मोशेने लिहिले की निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या हातांनी ते रचले गेले, हा वाद युरोपात तेव्हा अगदी शिगेला पोचला होता. त्या वादाच्या मधोमध ही पोथी येऊन पडली असती.

शपिराने मजकुराची नक्कल प्रथम श्लोटमन यांनाच धाडली. मवाबी मूर्तींनी हात पोळलेल्या त्या प्राध्यापकांनी ती तात्काळ बनावट ठरविली. शपिराने पट्ट्या ठेवून दिल्या. पाच वर्षांनी त्याने त्या पुन्हा काढल्या, पुन्हा वाचल्या, आणि आपल्या हाती खरी वस्तू आहे असा त्याचा ग्रह झाला. १८८३ च्या उन्हाळ्यात तो त्या घेऊन जर्मनीस गेला. लाइप्झिगला गुठे नावाच्या विद्वानांनी त्यांचा अभ्यास केला. बर्लिनला लेप्सियस यांच्या अध्यक्षतेखाली नामांकित पंडितांची सभा बसली आणि दीड तासात तिने निकाल दिला, की पट्ट्या खोट्या आहेत. तिथून तो जुलैच्या अखेरीस लंडनला गेला. किंमत सांगितली दहा लाख पौंड.

लंडनमध्ये एकच गवगवा झाला. ब्रिटिश म्युझियमने तपासणीचे काम डॉ. ख्रिश्चन डेव्हिड गिन्सबर्ग यांच्याकडे सोपविले. हेही जन्माने पोलिश ज्यू आणि तरुणपणी ख्रिस्ती झालेले. दोघांचा उगम एक, पण एक पंडित झाला आणि एक दुकानदार. गिन्सबर्ग मजकूर आणि त्याचे भाषांतर अथीनियममध्ये आठवड्या-आठवड्याने प्रसिद्ध करू लागले. दोन पट्ट्या काचेच्या पेटीत मांडल्या गेल्या आणि त्या पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. पंतप्रधान ग्लॅडस्टन स्वतः येऊन पाहून गेले व शपिराशी बोलले. वर्तमानपत्रांत रोज काही ना काही छापून येई. जेरुसलेमला बायको-मुली या बातम्यांकडे डोळे लावून बसल्या होत्या.

ऑगस्टच्या मध्याला पॅरिसहून गानो येऊन दाखल झाले. पट्ट्या तपासायला द्याव्यात अशी त्यांनी मागणी केली. शपिराने साफ नकार दिला. दहा वर्षांपूर्वी ज्याने आपल्याला उघडे पाडले त्याच्या हाती वस्तू कोण देईल? पण संशयी माणसाला नकार म्हणजे अर्धा पुरावाच वाटतो. गानो गर्दीत उभे राहिले आणि इतर प्रेक्षकांसारखे काचेतून पाहत राहिले. तेवढ्यावरून त्यांनी २१ ऑगस्टच्या टाइम्समध्ये आपले मत दिले. त्यांचे म्हणणे असे, की कोणीतरी जुन्या तोरेच्या गुंडाळीची खालची कोरी कड कापून घेतली आहे आणि तिच्यावर प्राचीन अक्षरे काढली आहेत. पट्टीची एक कड जुनी दिसते, दुसरी नव्याने कापल्यासारखी. आणि मूळ रकान्यांसाठी आखलेल्या उभ्या रेघा दिसतात, पण लिहिणाऱ्याने त्यांना जुमानलेले नाही. सिनेगॉगमध्ये मला दाखविली गेलेली चार बोटे कोरी जागा ती हीच.

लागलीच गिन्सबर्ग यांनीही आपला निकाल दिला. भाषेतले दोष, लिपी, आणि शपिरानेच आधी विकलेल्या गुंडाळ्यांच्या कातड्याशी असलेले साम्य दाखवून त्यांनी पट्ट्या बनावट ठरविल्या. पंचसारख्या विनोदी पत्राने शपिराचे व्यंगचित्र काढले; त्यात गिन्सबर्ग त्याला पकडीत आहेत आणि शपिराच्या बोटाला ओली शाई लागलेली आहे. त्यातले त्याचे नाक कसे काढले असेल, हे सांगावयास नको. धर्म बदलून सत्तावीस वर्षे झाली होती; व्यंगचित्रकाराच्या दृष्टीने काहीच बदललेले नव्हते.

शपिराने गिन्सबर्गना एक पत्र लिहिले. ही लाज घेऊन आपण जगू शकू असे वाटत नाही, असा त्याचा भाव होता. जाताना त्याने पट्ट्या म्युझियममध्येच सोडल्या. घरी तो परतला नाही. सहा महिने तो हॉलंडमध्ये या गावाहून त्या गावी हिंडत राहिला. १८८४ च्या मार्च महिन्यात रॉटरडॅमच्या एका हॉटेलात त्याने गोळी झाडून आत्महत्या केली. वय त्रेपन्न-चोपन्न. जेरुसलेमचे घरदार मोडले आणि बायको मुलींना घेऊन जर्मनीस गेली. धाकटी मुलगी मारिया पुढे पॅरिसला मिरियम आरी या नावाने नामांकित लेखिका झाली. १९०४ साली, पुढे फेमिना या नावाने प्रसिद्ध झालेले फ्रेंच पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले, ते तिला. १९१४ साली तिने जेरुसलेममधल्या एका लहान मुलीची कथा प्रसिद्ध केली. तिच्यातला बाप म्हणजे शपिराच.

पट्ट्यांचे काय झाले? १८८५ साली सदबीजच्या लिलावात त्या दहा पौंड पाच शिलिंगांना गेल्या. दहा लाखांची वस्तू दहा पौंडांना. पुस्तकविक्रेता क्वारिच याने त्या घेतल्या आणि पंचवीस पौंड किंमत लावून आपल्या यादीत घातल्या. १८८९ साली बर्टन गावच्या फिलिप मेसन नावाच्या एका डॉक्टराने त्या एका व्याख्यानाच्या वेळी लोकांना दाखविल्याची नोंद आहे. त्यानंतर त्यांचा मागमूस नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण १९४७ साली मृत समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमरानजवळच्या गुहेत, बदाउनी गुराख्यांना मडक्यांत ठेवलेल्या कातड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. काही कापडात गुंडाळलेल्या होत्या. त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आणि अस्सल निघाल्या. पॅलेस्टाइनच्या हवेत कातडे इतकी वर्षे टिकणेच शक्य नाही, हा शपिराविरुद्धचा एक ठोस मुद्दा त्या दिवशी निकालात निघाला. पुढे त्याच प्रदेशात प्राचीन हिब्रू लिपीतल्या कातडी पोथ्याही मिळाल्या. १९५६ साली मेनाहेम मन्सूर या अभ्यासकाने शपिराचे प्रकरण पुन्हा उघडावे असे सुचविले. १९६५ साली इंग्लंडच्या जॉन अलेग्रो यांनी त्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. अगदी अलीकडे, २०२१ साली, इदान डर्शोविट्झ या विद्वानाने तो मजकूर अस्सलच नव्हे तर बायबलातल्या ग्रंथाहूनही जुना असल्याचे मांडले. बहुतेक तज्ज्ञांना ते पटलेले नाही. अक्षरांचे वळण आणि भाषेतले दोष ते दाखवितात.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मृत समुद्राच्या पोथ्यांचे म्हणून घेतलेले सोळाही तुकडे २०२० साली बनावट ठरले. कातडे खरोखर प्राचीन होते. लिहिलेले नवे होते. म्हणजे जुन्या कातड्यावर नवा मजकूर, ही गानो यांनी सांगितलेली युक्ती आजही चालते. आणि गानो हे केवळ शपिराचे वैरी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्याच देशाच्या लूव्रने १८९६ साली दोन लाख फ्रँकांना घेतलेला सैतफर्निसचा सोन्याचा मुकुट १९०३ साली खोटा ठरला; ती चौकशीही गानो यांनीच केली होती. ओडेसाच्या एका सोनाराने तो घडविला होता. स्वतःच्या घरचे खोटे काढायला जो कचरत नाही, त्याच्या हेतूवर शंका घेता येत नाही.

मग दोष कोणाचा? मला वाटते, दोष घाईचा. बर्लिनमध्ये दीड तास आणि गानो यांची काचेबाहेरून घेतलेली नजर. ज्या वस्तूवर एवढा निकाल द्यायचा तिला एवढाच वेळ मिळाला. माणूस खोटा, म्हणून माल खोटा, असे आधीच ठरून गेले होते. आणि निकाल कदाचित बरोबरही असेल. पण वस्तू जपून ठेवण्याचे कोणालाच सुचले नाही, त्यामुळे आज तो तपासून पाहायची सोय राहिली नाही. आपल्या पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानच्या हद्दीतल्या बेसनगरच्या खांबबाबाचे उदाहरण पाहा. १८७७ साली कनिंगहॅमसाहेबांनी तो खांब पाहिला आणि घडणीवरून तो गुप्तकाळचा ठरविला, कारण लेखावर शेंदराचे जाड थर होते. १९०९ साली शेंदूर निघाला तेव्हा कळले, की तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी उभारलेला तो गरुडध्वज आहे, आणि गुप्तांच्या कितीतरी आधीचा, इसवी सनापूर्वीचा आहे. खांब जागेवर होता म्हणून चूक दुरुस्त झाली. शपिराच्या पट्ट्यांना ते भाग्य नव्हते.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगून आटोपतो, कारण तिच्यामुळेच हे प्रकरण माझ्या मनातून जात नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी जुनी वाद्ये विकणारा एक माणूस माझ्याकडे एक बाड घेऊन आला. त्यात आपल्या गावच्या जुन्या गवयांचे टप्पे आणि अष्टपद्या उतरविल्या आहेत असे तो म्हणत होता. याच माणसाने पूर्वी मला मिरजेचा जुना म्हणून एक तंबोरा विकला होता, आणि त्याचे लाकूड नवेच निघाले होते. मी त्याला दारातूनच वाटेस लावले. बाड उघडून एक पानही पाहिले नाही. वडील तेव्हा हयात होते. संध्याकाळी त्यांना ऐटीत हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की त्यातली एखादी चीज म्हणून पाहिलीस का? मी गप्प राहिलो. पुढे त्या माणसाचा शोध केला. तो वारला होता, आणि त्याच्या मुलाने दुकानातले सारे कागद रद्दीत घातले होते.

ते बाड अस्सल होते असे मी म्हणत नाही. बहुतेक खोटेच असावे. पण ते खोटे होते असेही आता मला कधी म्हणता येणार नाही, आणि हेच मला लागते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आता एक सांगतो. कोणी चीज घेऊन आला तर तिच्या अंगावरचे नाव पाहू नका आणि आणणाऱ्याचे तोंडही पाहू नका. आधी ऐकून घ्या, उतरून घ्या, मग काय ठरवायचे ते ठरवा. वडिलांची रीतच ती होती. ती मला त्यांच्याकडून शिकायला हवी होती. शिकलो ती त्यांनी कधी नावही न ऐकलेल्या, जेरुसलेमच्या एका बदनाम दुकानदाराकडून.